यादीतल्या नावापासून ग्रामसभेपर्यंत: ख्रिस्ती मतदारासाठी मार्गदर्शक

मतदान केंद्रावरून मत न देता परतणाऱ्या माणसाकडे पुष्कळदा ओळखपत्र असते, वेळ असतो, इच्छाही असते. नसते ते यादीतले नाव. आपल्या मंडळ्यांमध्ये हे फार घडते आणि त्याची कारणे ठरावीक आहेत. पाळकांच्या बदल्या होतात, मुली लग्न होऊन दुसऱ्या गावी जातात, आडनाव प्रत्येक कागदावर वेगळे लिहिलेले असते. म्हणून या लेखाचा मोठा भाग मतदानाच्या दिवसाबद्दल नसून त्याआधीच्या महिन्यांबद्दल आहे.

हे विश्वासाचे काम कसे?

“राजकारण घाणेरडे, आपण प्रार्थना करावी” असे म्हणणारे प्रत्येक मंडळीत भेटतात. त्यांनी यिर्मयाचा २९ वा अध्याय उघडावा. बाबेलमध्ये कैदी म्हणून नेलेल्या लोकांना देव तिथे सांगतो की, ज्या नगरात राहता त्याचे हित पाहा आणि त्यासाठी प्रार्थना करा. दोन्ही आज्ञा ७ व्या वचनात एकत्र आहेत. त्यातली एक पाळून दुसरी सोडता येत नाही. प्रेषितांची कृत्ये २२:२५ मध्ये फटके मारायला बांधलेला पौल आपले रोमी नागरिकत्व पुढे करतो आणि २५:११ मध्ये कैसराकडे दाद मागतो. नागरिक म्हणून मिळालेला हक्क वापरण्यात त्याला अविश्वास दिसला नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या परिच्छेद २२४० मध्ये तर कर भरणे आणि मतदान करणे ही नैतिक कर्तव्ये म्हणून शेजारी शेजारी मांडली आहेत.

आपल्या देशाच्या इतिहासातही याचे एक कारण आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी वेगळे मतदारसंघ होते. संविधान सभेत हरेंद्र कुमार मुखर्जी, फादर जेरोम डिसोझा यांच्यासारख्या ख्रिस्ती सभासदांनी वेगळ्या मतदारसंघांचा आणि राखीव जागांचा आग्रह सोडला. इतर नागरिकांच्या बरोबरीने, त्याच यादीत, त्याच रांगेत उभे राहायचे, हा तो निर्णय होता. त्या रांगेतली आपली जागा रिकामी राहिली तर ती भरून काढायला दुसरी सोय नाही.

पहिली पायरी: यादीत नाव शोधा, आजच

मतदार ओळखपत्र जवळ आहे म्हणजे नाव यादीत आहेच, असे नसते. पत्ता बदलल्यामुळे, दुबार नोंद म्हणून, किंवा तपासणीच्या वेळी घर बंद होते म्हणून नाव वगळले गेलेले असू शकते. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर शोध घ्या किंवा १९५० या क्रमांकावर विचारा. ओळखपत्राचा दहा अंकाक्षरांचा क्रमांक (आधी तीन अक्षरे, मग सात अंक) टाकून शोधणे सर्वांत खात्रीचे.

नावाने शोधत असाल तर आडनावाची सगळी रूपे करून पाहा. डिसोझा हे नाव यादीत डिसोजा, डिसुझा, डिसूजा असे कसेही येते; गोन्साल्विस, परेरा, रॉड्रिग्ज यांचीही तीच गत. वसईत, गोव्यात हा नेहमीचा घोटाळा आहे. अहिल्यानगर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर भागात आडनावे बहुतेक मराठी असल्याने अडचण दुसरीकडे येते. घरी आणि चर्चमध्ये चालणारे बाप्तिस्म्याचे नाव वेगळे आणि शाळेच्या दाखल्यावरचे वेगळे. यादी शाळेच्या नावाने बनलेली असते, हे लक्षात ठेवून शोधा.

आता अर्ज कोणता भरायचा ते. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

- प्रथमच नोंदणी करणाऱ्याने नमुना ६ भरावा.
- घर बदलले, नावात किंवा वयात चूक आहे, कार्ड हरवले, अपंगत्वाची नोंद करायची आहे, या सगळ्यांसाठी नमुना ८ आहे.
- मृत किंवा कायमचे निघून गेलेल्यांचे नाव काढण्यासाठी नमुना ७.
- परदेशात राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्यांसाठी नमुना ६अ.

बदली झालेले पाळक, साल्व्हेशन आर्मीचे ऑफिसर, मठातल्या सिस्टर यांनी नव्या गावी पुन्हा नमुना ६ भरू नये. तसे केले की दोन ठिकाणी नोंद होते आणि एका वेळी दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याने मनाई आहे. नमुना ६ मधले खोटे प्रतिज्ञापन तर गुन्हाच आहे. बदलीचे सामान उतरवले की त्याच महिन्यात नमुना ८ भरावा. वसतिगृहात किंवा सेमिनरीत राहणाऱ्या विद्यार्थ्याने घर किंवा वसतिगृह यांपैकी एकच पत्ता निवडावा.

वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, दहावी-बारावीचे प्रमाणपत्र किंवा पासपोर्ट चालतो. बाप्तिस्म्याचा दाखला या यादीत नाही. अनेक वयस्कर ख्रिस्ती लोकांकडे जन्मतारखेचा तेवढाच जुना कागद असतो आणि तो जोडून अर्ज अडकतो. यादीतला एकही कागद खरोखर नसेल तेव्हाच इतर पुरावा म्हणून तो द्यावा आणि मतदार नोंदणी अधिकाऱ्यांपुढे हजर राहण्याची तयारी ठेवावी. आणखी एक भीती मनातून काढून टाका: नमुना ६ मध्ये धर्म किंवा जात विचारलेली नाही. नाव नोंदवल्याने कोणाच्या सवलतीवर गदा येत नाही.

वयाची १८ वर्षे मोजण्यासाठी आता वर्षात चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. दृढीकरणाचे वर्ग आणि तरुण संघ यांच्याकडे या वयाच्या मुलांची नावे आयती असतात. एका रविवारी उपासनेनंतर टेबल मांडून पंधरा-वीस मुलांचे अर्ज भरून घेणे अवघड नाही. फक्त त्या टेबलावर कोणत्याही पक्षाचा माणूस बसू देऊ नये.

अर्ज भरल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. पडताळणीसाठी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरी येईल, हे शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण “सापडले नाहीत” हा शेरा अर्ज बाद होण्याचे नेहमीचे कारण आहे. अर्ज फेटाळला गेला तर १५ दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आणि तिथेही नाकारला तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करू नका. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादी गोठते आणि अर्जाच्या छाननीला त्याआधी दिवस लागतात.

गोव्यातल्या कुटुंबांसाठी एक वेगळी गोष्ट. ज्याने पोर्तुगीज नागरिकत्व स्वतःहून घेतले, त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी मतदानाचा हक्क राहत नाही. लिस्बन किंवा लंडनहून सुट्टीला आलेल्या भावाने जुने ओळखपत्र घेऊन रांगेत उभे राहणे हा कायद्याचा भंग आहे. याउलट आखातात नोकरी करणाऱ्या आणि भारतीय पासपोर्ट असलेल्याने नमुना ६अ भरला तर त्याला मत देता येते. मात्र मूळ पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष केंद्रावर यावे लागते.

दुसरी पायरी: उमेदवार पारखणे

निर्गम १८:२१ मध्ये मोशेला पुढारी निवडण्याची कसोटी सांगितली आहे: लायक, देवभीरू, सत्यप्रिय आणि अन्यायाच्या पैशाचा तिटकारा असलेला. “देवभीरू” हा शब्द दिसला की ख्रिस्ती उमेदवारालाच मत द्यायचे, असा अर्थ काही जण काढतात. पण हा सल्ला देणारा इथ्रो मिद्यानी याजक होता, इस्राएली नव्हता. जो माणूस आपल्या वागण्याचा जाब कुणाला तरी द्यावा लागेल असे मानतो, तो इथे अभिप्रेत आहे. नुसत्या आडनावावरून दिलेले मत पारख न करता दिलेले मत असते.

पारखायचे कसे? प्रत्येक उमेदवार अर्जासोबत नमुना २६ मध्ये प्रतिज्ञापत्र देतो आणि ते आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांना मोफत पाहता येते. चार गोष्टी वाचा.

पहिली, प्रलंबित खटले. आकडा पाहून थांबू नका. कलम कोणते आणि न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत का, ते पाहा. पाण्यासाठी रस्ता रोखल्याचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा सारखे नाहीत. दुसरी, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता. उमेदवार पूर्वी लढला असेल तर त्या वेळचे प्रतिज्ञापत्रही उघडा आणि दोन्हींमधली वाढ त्याच कागदात दाखवलेल्या उत्पन्नाशी ताडून पाहा. तिसरी, देणी आणि सरकारी थकबाकी. चौथी, उत्पन्नाचे साधन. या वाचनाला एका उमेदवारामागे अर्धा तास लागतो. चार प्रमुख उमेदवार धरले तर दोन तास. पाच वर्षांसाठी ते जास्त नाहीत.

पुढे कामाची बाजू. इथे एक गल्लत टाळा: निवडणूक ज्या सभागृहाची, त्याच्याच अखत्यारीतले प्रश्न विचारा. दफनभूमीची जागा, कुंपण, पाणी हा नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा विषय. शाळांचे अनुदान आणि राज्याचे कायदे हा विधानसभेचा. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा दर्जा अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाशी जोडलेला आहे, म्हणून तो संसदेकडचा प्रश्न. नगरसेवकाच्या उमेदवाराने त्यावर आश्वासन दिले तर ते त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीचे आश्वासन आहे.

फक्त आपल्या समाजाचेच प्रश्न विचारणेही अपुरे आहे. नीतिसूत्रे ३१:८-९ मध्ये मुक्यासाठी तोंड उघडायला, गरिबाचा न्याय करायला सांगितले आहे. वीटभट्टीवरच्या मुलांची शाळा, पाड्यावरचा दवाखाना, वस्तीतले शौचालय यावर उमेदवार काय म्हणतो, हे ऐकल्याशिवाय त्याची पारख पूर्ण होत नाही.

राखीव जागेबद्दल एक खुलासा, कारण गैरसमज जुना आहे. मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव असेल तर अट उमेदवाराला असते. मत सगळ्यांनी द्यायचे असते, ख्रिस्ती मतदारानेही.

व्यासपीठावरून काय बोलावे आणि काय नाही

पाळकांनी आणि फादरांनी हा भाग दोनदा वाचावा. “मतदान करा”, “नाव तपासा”, “लाच घेऊ नका”, “विचार करून निवडा” हे उपासनेत सांगता येते आणि सांगायलाच हवे. “अमुक चिन्हाला द्या” हे सांगता येत नाही. निवडणूक आचारसंहितेनुसार चर्च, मंदिर, मशीद प्रचाराची जागा होऊ शकत नाही. १९८८ च्या धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायद्याखाली जागेचा असा वापर होऊ देणाऱ्या व्यवस्थापकाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. व्यवस्थापक म्हणजे प्रत्यक्षात पाळक आणि कमिटीच.

याहून गंभीर गोष्ट आहे ती भीती घालण्याची. अमुकाला मत दिले नाही तर देवाचा कोप होईल, किंवा प्रभुभोजनापासून दूर ठेवू, असे मतदाराच्या मनात भरवणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(२) प्रमाणे मतस्वातंत्र्यात हस्तक्षेप ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्येही त्याचा उल्लेख आहे. कायदा नसता तरी हे चूकच होते. देवाचे नाव घेऊन एखाद्याची सदसद्विवेकबुद्धी बांधून टाकण्याचा अधिकार सेवकाला दिलेला नाही.

धर्माच्या नावाने मत मागण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. त्यानुसार उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माचा आधार घेऊन केलेले आवाहनही भ्रष्ट आचरण ठरते. “आपल्या ख्रिस्ती माणसाला निवडून द्या” अशी उमेदवाराच्या संमतीने छापलेली पत्रके त्याची निवडच रद्द करू शकतात.

उमेदवार रविवारी चर्चमध्ये आला तर? तो उपासनेला बसू शकतो, देवाचे घर सर्वांचे आहे. त्याला माइक देऊ नये, शाल-श्रीफळ देऊ नये, व्यासपीठावर नेऊन हात ठेवून प्रार्थना करू नये. मध्यस्थीच्या प्रार्थनेत १ तीमथ्य २:१-२ प्रमाणे सर्व उमेदवारांसाठी, मतदान अधिकाऱ्यांसाठी, बंदोबस्तावरच्या पोलिसांसाठी प्रार्थना करावी, कोणाचेही नाव न घेता. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटालाही हाच नियम लावा आणि ॲडमिनने तो आधीच लिहून टाकावा. परदेशी देणगीची परवानगी असलेल्या संस्थांनी त्या खात्यातला एक रुपयाही निवडणुकीशी संबंधित कशावर खर्च करू नये.

पैसा, पेव्हर ब्लॉक आणि एकगठ्ठा मते

पाकीट देणारा माणूस ओळखू येतो. स्पीकर, खुर्च्या, रंगकाम, आवारातले पेव्हर ब्लॉक घेऊन येणारा ओळखू येत नाही, कारण ते “देवाच्या घरासाठी” असते. आणि मग कमिटीतले दोघे-तिघे मंडळीची अमुक शंभर मते नक्की, असा शब्द देऊन येतात. निर्गम २३:८ सांगते की लाच डोळसाला आंधळे करते, आणि न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे देणारा आणि घेणारा दोघेही दोषी आहेत. वस्तू समाजाला दिली म्हणून ती लाच नाही असे होत नाही. त्यातून ती शंभर मते कमिटीची नव्हतीच. त्या शंभर माणसांना न विचारता त्यांच्या मनाचा सौदा झालेला असतो.

असा प्रस्ताव आला तर कमिटीने लेखी ठराव करावा की आचारसंहिता सुरू झाल्यापासून निकालापर्यंत कोणत्याही उमेदवाराकडून वस्तू, पैसा किंवा काम स्वीकारले जाणार नाही. ठराव असला की खजिनदाराला नाही म्हणणे सोपे जाते. आमदार निधीतून झालेले काम सरकारी पैशाचे असते, तो कोणाचा वैयक्तिक उपकार नाही, हेही मंडळीला समजावून सांगावे. पैसे वाटताना दिसले तर आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटो किंवा व्हिडिओसह तक्रार करता येते आणि नाव गुप्त ठेवता येते.

पाकीट आधीच घेतले असेल तर काय? त्या पाकिटाने मत बांधले जात नाही. पैसे परत करावेत, देवापुढे पश्चात्ताप करावा आणि मत आपल्या विचाराने द्यावे.

घरातही हेच. नवऱ्याने सांगितले म्हणून बायकोने, वडिलांनी सांगितले म्हणून मुलीने मत देण्याची सक्ती नाही. मत गुप्त आहे आणि ते घरीही गुप्त ठेवता येते.

मतदानाच्या दिवशी

ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेले बँक किंवा पोस्टाचे पासबुक यांसारखा मान्य कागद चालतो. मतदार माहिती चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही, ती फक्त अनुक्रमांक शोधायला. मतदान केंद्रात मोबाइल नेता येत नाही, तो घरी ठेवा. लोकसभा-विधानसभेला महाराष्ट्रात वेळ साधारण सकाळी ७ ते संध्याकाळी ६ असते. शेवटच्या मिनिटाला रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येते. पगारी सुट्टी हा कामगाराचा हक्क आहे, घरकाम करणाऱ्या ताईलाही त्या दिवशी मोकळे सोडा.

आत पहिला अधिकारी नाव तपासतो. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावून नोंदवहीत सही घेतो. तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करतो. बटण दाबल्यावर लाल दिवा लागतो आणि शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या (दिलेल्या मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) काचेमागे चिठ्ठी ७ सेकंद दिसते. नजर तिथेच ठेवा, क्रमांक, नाव आणि चिन्ह वाचा. चिठ्ठी चुकीची दिसली तर बाहेर न पडता लगेच केंद्राध्यक्षांना सांगा. लेखी निवेदन देऊन चाचणी मत घेता येते, पण तक्रार खोटी ठरली तर शिक्षा आहे. पसंत कोणीच नसेल तर शेवटचे बटण “वरीलपैकी कोणीही नाही” हे आहे. मात्र लोकसभा-विधानसभेत त्याला सर्वाधिक मते पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतो, हे माहीत असू द्या.

महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागात तीन-चार मते द्यावी लागतात. एक बटण दाबून निघालात तर प्रक्रिया अपुरी राहते आणि मागची रांग खोळंबते. प्रत्येक जागेसाठी एक, मग लांब आवाज येईपर्यंत थांबायचे. वयस्करांना हे आदल्या दिवशी कागदावर चौकोन काढून दाखवा.

तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर वाद घालून परत फिरू नका. ओळख पटवून “प्रदत्त मत” मागा. कागदी मतपत्रिका मिळते आणि वेगळी ठेवली जाते.

अंध किंवा अशक्त मतदाराला १८ वर्षांवरील सोबती नेता येतो, पण एका माणसाला एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येते. सात आज्ज्यांना धरून नेणाऱ्या उत्साही पाळकांना दुसऱ्या आजीपाशीच थांबवतील. सात नातवंडे आधीच नेमून ठेवा. लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय आहे. त्यासाठी नमुना १२ड अधिसूचनेनंतर ५ दिवसांत द्यावा लागतो आणि बहुतेकांची ही मुदतच हुकते. मंडळीने गाडी ठेवायची तर स्वतःच्या खर्चाने, कोणत्याही उमेदवाराकडून डिझेलचे पैसे न घेता, आणि वाटेत प्रचार न करता. गल्लीतल्या दुसऱ्या धर्माच्या आजोबांनाही त्याच गाडीत जागा द्या.

निकालानंतर

निवडून आलेल्याचे प्रतिज्ञापत्र आणि जाहीरनामा छापून चर्चच्या कार्यालयात फाइलला लावा. ज्याला मत दिले नाही तो जिंकला असला तरी रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना करावी, कारण आता तोच आपला प्रतिनिधी आहे. गावात राहत असाल तर मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो आणि वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. दफनभूमीचा रस्ता, अंगणवाडीचे छप्पर, टाकीचे पाणी हे विषय सभेआधी लेखी देऊन कार्यवृत्तात नोंदवून घ्या, आणि पुढच्या सभेत मागच्या कार्यवृत्ताची प्रत हातात घेऊन उभे राहा.